भिरभिऱ्याची हजेरी

दीर्घ वास्तव्याच्या व्हिसाची अट एकच होती आणि ती अगदी स्पष्ट होती. अर्जदाराने बेटावर राहावे, परंतु बेटावर काम करू नये. काम त्याने करावेच, कारण त्याशिवाय राहण्याचा खर्च निघणार नाही. पण ते बेटाबाहेर करावे, आणि ते करण्यासाठी बेट सोडून जाऊ नये. ही अट ज्यानं लिहिली त्याला पुढे बढती मिळाली म्हणतात.

या अटीवर यूस्ट नावाचा एक डच तरुण तेगाल सुवुंग गावात, नेंगाह रुगेग यांच्या अंगणातल्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आला. भाडं रुगेग यांच्या मुलीनं, काडेक रस्मिनीनं ठरवलं. ती सानूरच्या एका हॉटेलात हिशेब बघायची आणि सुट्टीला स्कूटरवरून घरी यायची. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे घरात कुणाचा तरी वावर असावा, एवढंच तिच्या मनात होतं.

पहिल्याच सुट्टीत बापानं तिला अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन विचारलं, "हा करतो काय?"

"काम करतो, बापा. कॉम्प्युटरवर."

"झोळीत पडून?"

"हो."

"मग आपली गायही नोकरीला आहे म्हणायची," बापा म्हणाला.

यूस्टची नोकरी मात्र खरी होती. उट्रेख्तची त्याची कंपनी इतर कंपन्यांना एक यंत्रणा विकायची. माणूस कामावर आहे की नाही, हे ती यंत्रणा ओळखायची. माउस हलत असला की नावापुढे हिरवा दिवा लागे. थोडा वेळ हलला नाही की दिवा करडा होई आणि साहेबाला कळे. यूस्ट तिथे उपस्थिती सल्लागार होता. दुर्दैव असं की उट्रेख्तला उजाडतं तेव्हा इथे दुपार कलते, आणि तिथली कचेरी सुटते तेव्हा इथली कुत्रीसुद्धा भुंकून भुंकून निजलेली असतात. यूस्टला डुलकी लागे, दिवा करडा होई, तो दचकून उठे आणि माउस हलवून पुन्हा निजे. बापा हे खिडकीतून बघत असे. कुणाचीही अशी झोपमोड त्याला बघवत नसे.

खिडकीबाहेरच्या बांधावर बापाचं भिरभिरं होतं. भातावरची पाखरं उडवायला अशी भिरभिरी शेताशेतांत असतात. पुरुषभर उंच बांबू, त्यावर लाकडी पातं, आणि ते फिरलं की टकटक. पण बापाच्या हातच्या भिरभिऱ्याची गोष्ट वेगळी होती. झाडाचं पान हलत नसतानाही ते फिरतं, असं लोक म्हणत. बापानं एक सुतळी घेतली, तिचं एक टोक भिरभिऱ्याच्या आसाला बांधलं आणि दुसरं खिडकीतून आत नेऊन माउसला. झुळूक आली. माउस टेबलावर इकडून तिकडे फिरू लागला. त्या दिवसापासून यूस्टचा दिवा मावळला म्हणून नाही. वर्ष संपायच्या आत कंपनीनं त्याला वरिष्ठ उपस्थिती सल्लागार केलं.

व्हिसाची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा बु सुंदारी नावाच्या निरीक्षक बाई चौकशीला आल्या. हा माणूस काम करतो का, आणि करत असेल तर कुठे, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. यूस्ट झोळीत घोरत होता. टेबलावर माउस चालू होता. बाईंनी सुतळीचा माग काढला, खिडकीतून वाकून बाहेर बघितलं, बांधावर जाऊन पात्याकडे बघितलं, आणि परत येऊन नोंद केली की सदर इसम काम करत नसून काम वारा करतो.

यूस्ट जागा झाला होता. त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी पेन खाली ठेवलं नाही.

"पण वारा इथला आहे," त्या म्हणाल्या.

यूस्ट झोळीतून उठून उभा राहिला. बाईंनी त्याला शांतपणे समजावलं की घाबरण्यासारखं काही नाही. परदेशी कंपनीनं इथल्या वाऱ्याला काम दिलं तर तो स्थानिक रोजगार होतो, आणि स्थानिक रोजगार देणाऱ्याला मुदतवाढ लगेच मिळते. अडचण एवढीच, की वाऱ्याला ओळखपत्र नसतं. तेव्हा भिरभिरं कुणाचं?

"माझं," बापा म्हणाला.

"मग नोकरी तुमची."

अशा रीतीनं नेंगाह रुगेग यांची नोंद दूरस्थ कर्मचारी म्हणून झाली. त्यानं सानूरला फोन केला. "डेक, सत्तरी उलटल्यावर नोकरी लागली गं. करायचं काहीच नाही. तुझ्या शिक्षणावर मी उगाच खर्च केला."

त्या दिवशी ती हॉटेलच्या मागच्या जिन्यात बसून खूप हसली होती.

*

गावावर सरकारपेक्षा बंजारचा, म्हणजे वस्तीतल्या घरांच्या मंडळाचा, वचक मोठा. लाकडी घंटा वाजली की बंजारच्या प्रत्येक घरातून एकानं कोयता घेऊन यायचं. देऊळ झाडायचं, लग्नाचं मांस चिरायचं, तिरडीला खांदा द्यायचा. न येणाऱ्याला दंड होतो, तो भरता येतो. पण तो आला नव्हता हे लोक तीन पिढ्या लक्षात ठेवतात, त्याला इलाज नाही. हल्ली अर्धी बंजार दक्षिणेकडच्या हॉटेलांत खपायची आणि घंटेला ओ द्यायला म्हातारेच उरले होते. बंजारचे प्रमुख, म्हणजे क्लियान, गिंद्रा या चिंतेनं वाळत चालले होते. एके दिवशी ते यूस्टकडे कॉफी प्यायला आले आणि यंत्रणा घेऊनच उठले. यूस्टनं ती फुकट दिली. त्याला गावासाठी काहीतरी करायचं होतं.

त्यानंतर घंटेला धावत जायची गरज उरली नाही. सदस्याचा फोन हलता असला, त्याच्या नावापुढे हिरवा दिवा असला, की तो हजर. देवळाच्या अंगणात पाचोळा घोट्यापर्यंत आला, पण हजेरी शंभर टक्क्यांवर गेली आणि जिल्ह्यानं बंजारचा सत्कार केला. सत्काराला सगळे आपापल्या ठिकाणाहून उपस्थित होते.

एका माणसाची हजेरी तेवढी भरेना. नेंगाह रुगेग. वयामुळे त्याला सूट होती, ती त्यानं घेतली नव्हती. छातीत दम उरला नव्हता, तरी दर अमावास्या-पौर्णिमेला तो खराटा घेऊन देवळात जायचा आणि फोन घरी चुलीशेजारी ठेवायचा. फोन हलत नसे. एकटा देऊळ झाडून तो घरी येई तेव्हा गैरहजेरीचा निरोप येऊन पडलेला असे.

"अहो क्लियान, मी देवळातच होतो," त्यानं एकदा जाऊन सांगितलं.

"हो, पण हजर नव्हतात," गिंद्रा हळहळून म्हणाले. "पुढच्या वेळी देवळात जाऊ नका. म्हणजे अडचण येणार नाही."

जन्मात कधी गैरहजर न राहिलेल्या माणसाला हे लागलं. घरी येऊन त्यानं एक करवंटी तासली, तिला भोकं पाडली, तीत फोन बसवला आणि ती करवंटी भिरभिऱ्याच्या बांबूला बांधली. यूस्टनं खिडकीतून चार्जिंगची वायर सोडली आणि फोन आपल्या घरातल्या इंटरनेटला जोडून दिला. पातं फिरलं की बांबू थरथरे, बांबू थरथरला की फोन हले. बापा हजर झाला. मग तो निश्चिंत मनानं खराटा घेऊन देवळात जाऊ लागला.

रस्मिनीलाही हे सोयीचं झालं. पूर्वी ती रोज सकाळी फोन करायची. जेवलास का, खोकला कसा आहे, विचारायची. आता उठल्या उठल्या ती दिवा बघायची. हिरवा असायचा. एवढ्यात कळायचं.

बापा गेला तो एका मंगळवारी सकाळी, चुलीपाशी, कॉफीचं पाणी उकळत असताना. मागच्या खोलीत यूस्टला दिवा हिरवा दिसत होता. सानूरला रस्मिनीला हिरवा दिसत होता. क्लियानना हिरवा दिसत होता. संध्याकाळी शेजारीण खोबऱ्याची किसणी मागायला आली, तेव्हा कळलं.

त्या दिवशी वारा चांगला होता.

*

मातीखाली बापाला तात्पुरतं ठेवलं होतं. गावाचं सामुदायिक दहन कोरड्या ऋतूत, भात कापून झाल्यावर असतं. अग्नी मिळेपर्यंत आत्मा सुटत नाही. निघालेल्या पण वाहन न मिळालेल्या पाहुण्यासारखा तो दारात ताटकळतो. म्हणून रस्मिनी नोकरीवर रजा टाकून घरी राहिली, रोज केळीच्या पानावर भात वाढून ठेवू लागली, आणि दहनासाठी बापाचं नाव नोंदवायला क्लियानकडे गेली.

गिंद्रांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "काडेक, नाव घालता येत नाही. दिवा हिरवा आहे."

"क्लियान, तुम्ही खांदा दिलात बापाला."

"दिला. शेजारी म्हणून दिला. रडलोसुद्धा, तू बघितलंस. पण क्लियान म्हणून मला ते हजर दिसतात."

नियम सोपा होता. एका पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत दिवा बंद राहिला की यंत्रणा आपोआप माणसाला मयत ठरवते. माणसानं काही करावं लागत नाही. गिंद्रांनी तिला उपायही सांगितला. फोन काढून आण, परवा वडील रीतसर जातील.

रस्मिनी बांधावर गेली. करवंटीला बापानं मारलेली गाठ होती, पावसानं घट्ट बसलेली. सोडवता येण्यासारखी नव्हती, कापावी लागली असती. वर पातं टकटक करत होतं. लहानपणी या आवाजाशिवाय तिला झोप येत नसे. ती बराच वेळ कोयता हातात घेऊन उभी राहिली, मग करवंटीवर उडालेला चिखल बाहीनं पुसून परत आली. उद्या कापू म्हणाली. तो उद्या येण्याआधी न्येपी आली.

न्येपी म्हणजे शकाच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस, मौनाचा. त्या दिवशी बेटावर दिवा नाही, चूल नाही, रस्त्यावर पाऊल नाही. विमानंसुद्धा उतरत नाहीत. बेटावर कुणीच नाही असं वाटून भुतंखेतं पुढे निघून जावीत, हा हेतू. अलीकडे फोनचं इंटरनेटही त्या दिवशी बंद ठेवतात, कारण भुतं सुधारली आहेत.

भुतांचं काय झालं कळलं नाही. यंत्रणा मात्र फसली. पहाटेपासून पहाटेपर्यंत बंजारमधले दिवे लागलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी इंटरनेट आलं तसा प्रत्येकाच्या फोनवर निरोप येऊन पडला. आपले निधन झाल्याची नोंद घेण्यात आली आहे. हरकत असल्यास बंजारच्या एका हयात सदस्याची हमी जोडावी.

तासाभरात सहकारी पेढीनं मयतांची खाती गोठवली. क्लियान गिंद्रांच्या बायकोनं त्यांना विचारलं म्हणे, न्याहारी पुढ्यात वाढू की देव्हाऱ्यात ठेवू. गिंद्रा न खाताच उठले. हयात सदस्य शोधायला त्यांनी यंत्रणा वरपासून खालपर्यंत चाळली. अख्ख्या बंजारमध्ये जिवंत माणूस एकच निघाला.

नेंगाह रुगेग. यूस्टच्या घरचं इंटरनेट तारेवरचं होतं, ते तोडायचं राहून गेलं होतं. आणि वारा काही न्येपी पाळत नाही.

*

दुपारी बांधावर बंजार लोटली. आपापल्या ठिकाणाहून नव्हे, पायांनी. रस्मिनीला आठवत होतं तेव्हापासून एवढी माणसं एका जागी आली नव्हती. क्लियान देवळाच्या पोशाखात होते, डोक्याला पांढरं फडकं. भिरभिऱ्यासमोर हात जोडून ते अदबीनं बोलले. आपण आम्हां सर्वांना वडिलांच्या जागी आहात. आजवर आपल्या हजेरीबाबत आमच्याकडून जे बोललं गेलं असेल, ते पोटात घालावं आणि आम्हांला हमी द्यावी.

पातं टकटक करत होतं.

"थांबा, मीच 'हो' दाबते," रस्मिनी म्हणाली. "फोनला कुलूप नाही. चोरानं नेला तर तो तरी कुणाशी बोलेल, म्हणायचा बापा."

गिंद्रांनी तिचा हात अडवला. "तूही मयत आहेस, काडेक. मयतानं हयात माणसाचा फोन दाबला तर तो गुन्हा की चमत्कार, मला ठाऊक नाही. मला दोन्हीत अडकायचं नाही."

मग रीतसर तोड निघाली. आसाला बांबूची एक काडी अशी बांधली की पातं फिरलं की तिचं टोक फोनवरच्या 'हो'वर टेकावं. नावं एकामागून एक येऊ लागली आणि वारा हमी देऊ लागला. लोक उन्हात रांगेनं उभे राहून जिवंत होत होते. मध्येच झोत बदलला, काडी घसरली आणि न्योमान दारे या खाटकाच्या नावावर 'नाही' पडलं. त्याची सासू मागून म्हणाली, वाऱ्यालाही माणसं कळतात. दारेला पुन्हा रांगेच्या शेवटी जावं लागलं.

काडेक रस्मिनी हे नाव आलं तेव्हा पातं क्षणभर थांबलं. मग सावकाश फिरलं आणि काडी 'हो'वर टेकली. रस्मिनी तेवढा वेळ शेताच्या पलीकडे बघत होती.

शेवटचा माणूस जिवंत झाला तशी ती गिंद्रांजवळ गेली. "आता तुम्ही हयात आहात, क्लियान. आता बापाचं नाव दहनाला घाला."

गिंद्रांनी फोनवर नियम पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीशी त्यांचा चेहरा उतरला. "काडेक, रुगेग मयत ठरले तर त्यांनी दिलेल्या हम्या मयतानं दिलेल्या ठरतात. म्हणजे आम्ही सगळे परत मेलो."

"म्हणजे बापानं मरायचंच नाही?"

"सध्या तरी नाही. बंजारच्या हिताचा प्रश्न आहे." आणि मग हलक्या आवाजात, शेजारी म्हणून, "माझी मुलगी दहावीला आहे गं."

भात पिवळा पडू लागला. दहनाचा दिवस जवळ आला. रस्मिनीनं क्लियानकडे खेपा घातल्या, जिल्ह्याला खेपा घातल्या. जिल्ह्याचं म्हणणं पडलं की इतकी चोख हजेरी असलेल्या सदस्याला केवळ तो हयात नाही या कारणावरून कमी करणं योग्य दिसणार नाही. यूस्ट एका सकाळी तिच्यापुढे कॉफीचा पेला ठेवून बसला. मी भिंतीपलीकडेच होतो, एवढं म्हणाला. मग त्यानं सांगितलं की त्याला ती टकटक आता सोसत नाही. तो दुसऱ्या कुठल्याशा बेटावर निघून गेला. माउस सुतळीला तसाच राहिला आणि यूस्ट दोन्हीकडे हजर राहिला. इथे राहणारा म्हणून व्हिसा कचेरीत आणि काम करणारा म्हणून उट्रेख्तला. पुढच्याच महिन्यात कंपनीनं त्याला विभागप्रमुख केलं.

वाट शेवटी बु सुंदारींनी काढली. त्या यूस्टच्या मुदतवाढीसाठी आल्या होत्या, झोळी रिकामी दिसली, माउस चालताना दिसला, समाधान झालं. निघताना रस्मिनीनं त्यांना बापाचं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना यात कुठे अडलंय तेच दिसेना.

"तुमचे वडील दूरस्थ कर्मचारी आहेत. नोंद मीच केली आहे. दूरस्थ कर्मचाऱ्यानं कुठे राहावं याला बंधन नसतं. काम चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग त्यांना मयत कशाला करता? पत्ता बदला."

त्या दुपारी क्लियाननी बाईंसमोर फोनवर अर्ज भरला. सदर सदस्य हयात व कामावर हजर असून वास्तव्याचे ठिकाण बदलू इच्छितात. स्थलांतराचे साधन: अग्नी. नवीन पत्ता: समुद्र.

गिंद्रांनी मान वर केली. "समुद्राचा कुठला भाग, काडेक? चौकट रिकामी सोडता येत नाही."

"दक्षिण," रस्मिनी म्हणाली. "लाटा मोठ्या असतात तिथे. त्याला आवडायच्या."

त्यांनी ते लिहिलं.

*

दहनाला बंजारची हजेरी पूर्ण होती. एकूण एक दिवा हिरवा. मैदानात माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यात क्लियान होते, शेजारीण होती, आणि दारे खाटीक होता, जो उन्हात दोनदा उभा राहिल्यापासून पायांनी येऊ लागला होता. मातीतून काढून बापाला दहनासाठी केलेल्या लाकडी बैलाच्या पोटात ठेवलं. रस्मिनीनं अग्नी दिला. संध्याकाळी दक्षिणेच्या किनाऱ्यावर राख लाटेवर सोडली, लाटेनं ती एका झटक्यात नेली, आणि कितीतरी दिवसांनी कुणीही कुणाला काही विचारलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा अंगणात विलक्षण शांत होतं. शांत का, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. वारा पडला होता. पातं थांबलं होतं.

फोन वाजला. क्लियान होते. आवाज घाबरा.

"काडेक, वडिलांचा दिवा करडा झालाय. परवा पहाटेपर्यंत असाच राहिला तर... तुला माहीत आहे. जरा हलव ना गं."

ती कपडे न बदलता बांधावर गेली. पात्याचं टोक हाताशी आलं होतं. तिनं ते एका बोटानं ढकललं. टक. पुन्हा ढकललं. टक, टक. बांबू थरथरला, करवंटीत उजेड पडला, आणि सगळी बंजार जिवंत राहिली. थोड्याच वेळात सगळ्यांच्या फोनवर क्लियानांचा निरोप आला. नेंगाह रुगेग हजर आहेत. सगळं ठीक आहे.

तेव्हापासून रस्मिनी तिथेच राहते. वारा असेल तेव्हा वारा, नसेल तेव्हा ती.

आज सकाळी तुम्हीही तुमच्या कुणाच्या तरी नावापुढचा दिवा बघितलात, आणि सगळं ठीक आहे म्हणून फोन खाली ठेवलात. दिवा हिरवा होता, त्याबद्दल वाद नाही. तिकडे वारा चांगला असेल.